मे महिना, बारा माणसं आणि एक टाकी

शाळांना सुट्टी लागली की नाशिकमधल्या कितीतरी घरांत चारपाच माणसांची संख्या बघता बघता दहा-बारावर जाते. नणंद मुलांना घेऊन माहेरी येते, पुण्या-मुंबईचे पुतणे येतात, गावाकडून आजी-आजोबा येतात. मग दिवसाचं वेळापत्रक करायची हुक्की येते: सात वाजता योगासनं, आठला शुद्धलेखन, दहाला चित्रकला. असला तक्ता तिसऱ्या दिवशी फ्रिजवरून गळून पडतो. मोठं घर चालवताना मुलांचा तास लावून काही साधत नाही. आधी पाणी, ऊन आणि गॅस यांचा हिशोब लावायचा. तो जमला की मुलं आपली आपण दिवस काढतात.

इथे सहा मोठी आणि सहा मुलं धरली आहेत. तुमच्याकडे आठ असोत की पंधरा, त्या प्रमाणात आकडे कमी-जास्त करा.

आधी टाकी मोजा

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. बारा माणसांचे झाले १,६२० लिटर. बहुतेक फ्लॅटच्या किंवा रो-हाऊसच्या वाट्याला हजार लिटरची टाकी असते. म्हणजे पहिल्याच दिवशी सहाशे लिटरचा खड्डा. त्यात मे महिन्यात गंगापूर धरणाची पातळी उतरलेली असते, आणि दुरुस्तीसाठी एखादा दिवस पाणी बंद राहिलं की दुसऱ्या दिवशीही ते कमी दाबानंच येतं.

पाणी नेमकं कुठे जातं ते बघा. वीस लिटरच्या एका बादलीत आंघोळ उरकली तर बाराजणांचे २४० लिटर. वरून भरायच्या मशीनमध्ये दोन घाणे कपडे म्हणजे अडीचशेच्या आसपास. भांडी दीडशे, पिणं-स्वयंपाक साठ, कूलर चाळीस-पन्नास. आणि जुन्या पद्धतीचा फ्लश एका वेळी आठ-दहा लिटर ओततो. बारा माणसं, दिवसातून पाच वेळा, की हिशोब सहज पाचशेच्या घरात जातो. घरात आरडाओरडा होतो तो आंघोळीवरून, पण टाकी रिकामी करतो तो फ्लश. म्हणून पाहुणे यायच्या आधी फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरून बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवा, आतल्या दांडीला अडणार नाही अशी. प्रत्येक वेळी लिटरभर वाचतं. मशीनमधून निघणारं शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धरून संडासात वापरलं की आणखी शंभरेक लिटर हाताशी येतात.

नळ किती वाजता येतो त्यावर घराचा पहिला तास ठरतो. पाणी पहाटे येत असेल तर मशीन त्याच वेळी लावायचं, म्हणजे टाकीवर भार पडत नाही आणि साडेसातला कपडे दोरीवर जातात. मे महिन्याच्या उन्हात ते दहापर्यंत कडकडीत वाळतात, की दुसरा घाणा त्याच दोरीवर. पाणी संध्याकाळी येत असेल तर मुलांच्या आंघोळीही संध्याकाळी घ्या. दिवसभर मातीत लोळलेल्या पोरांना सकाळी घासण्यात तसाही काही अर्थ नसतो.

आंघोळीचं गणित वेगळंच आहे. एक न्हाणीघर, माणशी दहा मिनिटं, म्हणजे दोन तास. साडेआठच्या नाश्त्याआधी हे बसत नाही. मोठ्यांनी सकाळी सातच्या आत उरकायचं आणि मुलांनी संध्याकाळी सहानंतर. दुपारी बारा ते चार गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की लहान मुलाच्या अंगावर ते सरळ ओतू नये. नळ सोडला की पहिलं पाणी बादलीत घ्या, हात घालून बघा, मग पुढचं.

साठवलेल्या पाण्याला डास लागतात. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवसांत आटोपतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं ओतून, कडा घासून, कोरडं करायचं. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

पहाट ते अकरा: कष्टाची कामं इथेच

नाशिकची पहाट मे महिन्यातही गार असते. पाऱ्यानं चाळिशी गाठलेल्या दिवशीसुद्धा सहा वाजता गच्चीवर बरं वाटतं. ही वेळ झोपेत घालवली की उरलेला दिवस घामाघूम होतो. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर अकरानंतर भट्टी होतं, तेव्हा गॅसजवळची सगळी कामं साडेदहाच्या आत हातावेगळी करायची.

नाश्त्याला बाराजणांना आठशे ते नऊशे ग्रॅम जाडे पोहे लागतात, सोबत चार-पाच मोठे कांदे, दोन बटाटे आणि दीडशे मिली तेल. घरी चौघांचे पोहे उत्तम करणारीचेही इतके पोहे बिघडतात, कारण ते एकदम भिजवले जातात आणि खालच्यांचा गचका होतो. दोन चाळण्यांत निम्मे निम्मे घ्या, वरून पाणी सोडून लगेच निथळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, हातानं मोकळे करा आणि दोन कढयांत करा. उपमा करायचा तर सहाशे ग्रॅम रवा आणि त्याच्या तिप्पट पाणी. आठवड्यातून एक दिवस मिसळ ठेवा. मटकी आदल्या सकाळी भिजवून रात्री उपसून बांधली की पहाटेपर्यंत मोड येतात. या उकाड्यात त्यांना दोन दिवस लागत नाहीत, उलट जास्त ठेवले तर वास येतो.

पोळ्यांचा हिशोब असा: एक किलो कणकेच्या तीस-बत्तीस पोळ्या होतात. मोठ्यांना तीन, मुलांना दोन धरल्या तर एका वेळेला तीस. शिवाय घरात पाच-सहा पोळ्या जास्त लागतातच, चहासोबत खाणारं कुणीतरी असतं. एक लाटणारी आणि एक भाजणारी असेल तर चाळीस पोळ्या पाऊण तासात होतात. एकटीनं केल्या तर दीड तास आणि कंबर. संध्याकाळी पुन्हा पोळ्यांचा घाट घालू नका. संध्याकाळचा स्वयंपाक एका भांड्याचा: मुगाची खिचडी, मसालेभात, पिठलं-भाकरी, डाळ-ढोकळी. बाराजणांच्या खिचडीला आठशे ग्रॅम तांदूळ आणि चारशे ग्रॅम मूगडाळ. ही खिचडी पाच लिटरच्या एका कुकरमध्ये बसत नाही. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. भरला तर शिट्टीच्या तोंडात डाळ अडकते आणि वाफ कोंडते. दहा लिटरचा कुकर नसेल तर तळ जाड असलेलं पातेलं घ्या, अर्धा तास जास्त लागेल इतकंच.

दळण मात्र महिन्याचं आणू नका. दिवसाला सव्वा ते दीड किलो पीठ जातं. आठवड्याला दहा किलो दळा. उन्हाळ्यात जास्त दिवस ठेवलेल्या पिठाला सोंडे होतात, आणि ते चाळायला पुन्हा वेळ जातो. ज्वारी आणि नागली दोन-दोन किलो वेगळी. पेठ-सुरगाण्याकडची नागली बाजारात मिळते. तिचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली आंबील पोटाला गार पडते आणि नाश्त्याला उशीर झाला तरी मुलं तासभर गप्प राहतात.

भाजी रोज आणायची नाही. आठवड्यातून दोनदा, त्यातली एक खेप गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराची. संध्याकाळी उशिरा गेलं तर पालेभाजी स्वस्त मिळते, पण मे महिन्यात ती तोवर कोमेजलेली असते. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या सकाळच्याच घ्या, मुळं कापू नका, ओल्या फडक्यात गुंडाळा. उन्हाळ कांदा मात्र याच दिवसांत गोणीनं घ्यायचा. इतक्या माणसांना दिवसाला पाऊण ते एक किलो लागतो, म्हणजे पन्नास किलोची गोणी जेमतेम दोन महिने. गोणीतच ठेवला तर मधला कांदा गरम होऊन सडतो. फळ्यांवर किंवा बाजेखाली फूटभरापेक्षा कमी थरात पसरा, वारं लागू द्या, बटाटे लांब ठेवा आणि दर आठ दिवसांनी निवडा. निवडण्याचं काम आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उत्तम जमतं. मऊ लागतो तो बाजूला, एवढंच शिकवायचं.

सिलिंडर १४.२ किलोचा. पाहुण्यांच्या घरात तो पंधरा-वीस दिवस टिकतो, वाळवणं घातली तर त्याहून कमी. नवा लावला त्या दिवशी दाराच्या मागे तारीख लिहा आणि नोंदणी होईल त्या पहिल्याच दिवशी ती करा. संपल्यावर धावपळ करणाऱ्या घरात तो नेमका कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवतानाच संपतो.

कुरडया, आणि त्यात मुलांची जागा

सुट्टीतल्या कामांत मुलांना मनापासून गोडी लागते ती वाळवणाची. पण ते पंधरा-वीस मेच्या आत उरकावं. त्यानंतर नाशिकला वळवाचा भरवसा नाही. दुपारी चारला आभाळ भरतं, वाऱ्याबरोबर धूळ येते आणि दोन दिवसांची मेहनत मातीत जाते.

पहिल्यांदाच करत असाल तर दोन किलोपेक्षा जास्त गहू घेऊ नका. गहू निवडून, धुऊन तीन दिवस भिजत घालायचे. जुन्या बायका रोज एकदा पाणी बदलायला सांगतात. या उकाड्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा बदला, नाहीतर चीक आंबून कुरडया आंबट लागतात. चौथ्या दिवशी गहू दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं. मग थोडं पाणी घालून वाटायचं, पातळ कापडातून पिळायचं, चोथ्यात पाणी घालून पुन्हा एकदा पिळायचं. चोथा टाकू नका. त्यात तिखट, मीठ, जिरे, लसूण घालून भुसवड्या घाला, त्या पावसाळ्यात कामी येतात.

चीक रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वर पिवळसर पाणी येतं, ते हळूच ओतून टाका. खाली घट्ट बसलेला चीक वाटीनं मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा, त्यात मीठ आणि हिंग. मीठ चवीपेक्षा किंचित कमीच घाला, वाळल्यावर ते चढतं. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून एकीनं चिकाची धार सोडायची आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं एकाच बाजूनं ढवळत राहायचं. इथे दोन माणसं लागतातच. एकटीनं केलं की गाठी होतात, गाठ सोऱ्याच्या ताटलीत अडकते आणि पुढचं सगळं खोळंबतं. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफ काढा. पांढरा रंग जाऊन चीक चकाकतो, पाण्याचं बोट लावलं तर चिकटत नाही, तेव्हा तो शिजला. कच्चा उतरवला तर कुरडई तळताना फुलत नाही, मध्ये दाताखाली कडक राहते.

गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झाला की तारा तुटतात. त्यामुळे पातेलं झाकून ठेवून सोऱ्यापुरताच चीक काढा. गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद आधीच अंथरलेला आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवलेल्या हव्यात. साडेआठच्या आत शेवटची कुरडई पडली पाहिजे. संध्याकाळी कडा सुटल्या की उलटवा, आणि दोन-तीन उन्हं चांगली लागली की डब्यात. मोडून बघा: टचकन आवाज येऊन तुटली तर वाळली, वाकली तर अजून एक ऊन.

मुलांनी काय करायचं? पहाटे कागद धरणं, विटा आणणं, ओळी मोजणं, आणि नऊ ते अकरा कावळे-खारी हाकणं. अर्ध्या तासाची पाळी, दोघं दोघं, टोपी आणि चप्पल घालूनच. अकरानंतर फरशी पायाला पोळते, तेव्हा मुलांना खाली आणा आणि वाळवणावर जुनी मच्छरदाणी किंवा ओढणी ताणून बांधा. शिजलेल्या चिकाची एक मोठी वाटी आधीच बाजूला काढून ठेवा, वर तूप आणि साखर घालून. ती नसेल तर मुलं सोऱ्यातलाच चीक खातील, आणि मोजणी चुकेल ती वेगळीच.

एवढा व्याप नको असेल तर साबुदाण्याच्या पापड्या घाला. रात्री साबुदाणा भिजवायचा, सकाळी भिजवलेलं पाणी धरून एका वाटीला पाच वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मीठ-जिरे घालून डावानं घालायच्या. सात वर्षांच्या मुलीच्या हातूनही त्या गोल पडतात. बटाट्याच्या चकत्या मात्र काढल्या काढल्या तुरटीच्या पाण्यात पडल्या पाहिजेत. दहा मिनिटं उघड्या राहिल्या तरी काळ्या पडतात.

बारा ते पाच: दारं बंद

जेवण बाराला. त्याआधी वाढण्याची तयारी मुलांची. चार-पाच वर्षांचं मूल ताटं मोजून मांडू शकतं, आठ वर्षांचं मीठ-लोणचं वाढतं, अकरा-बारा वर्षांचं काकडी-टोमॅटो चिरतं. गॅस आणि उकळतं तेल पंधराच्या खालच्यांना नाही. जेवल्यावर आपलं ताट आपण विसळायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि सगळ्यांना, पाहुण्यांच्या मुलांनाही. चौथ्या दिवशी लावायला गेलं की तो शिक्षेसारखा वाटतो. घरातल्या पुरुषांना ‘थोडी मदत करा’ असं म्हणू नका. मदत म्हटली की ती सांगितल्यावर होते. खातं द्या: सिलिंडर, पाणी, बाजार आणि रात्रीची भांडी ही त्यांची. मग आठवण करून द्यायचं काम तुमच्या डोक्यावर राहत नाही.

पेल्यांचा बंदोबस्त आधी करा. बारा माणसं दर तासाला नवा पेला घेतात आणि संध्याकाळी मोरीत साठ पेले साचतात. प्रत्येकाची एक बाटली, गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. माठ दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. एकच माठ असला तर पाणी गार व्हायच्या आत संपतं, आणि मग सगळे फ्रिजचं दार उघडत राहतात. माठ आतून नुसत्या हातानं आणि पाण्यानं धुवा. साबणाचा वास त्याच्या छिद्रांत बसतो.

दुपारच्या पेयांत पन्हं सगळ्यात सोयीचं, कारण त्याचा गर करून ठेवता येतो. एक किलो कैऱ्या उकडून साधारण सहाशे ग्रॅम गर निघतो. त्यात आठशे ग्रॅम चिरलेला गूळ, चमचाभर मीठ, वेलची घालून घोटा आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. पेल्याला दोन मोठे चमचे धरले तर बावीस-पंचवीस पेले होतात, म्हणजे घराच्या दोन दुपारी. ताकासाठी एक लिटर दह्याचे चार लिटर होतात. मे महिन्यात रात्री दहाला लावलेलं दही सकाळी आंबटच निघणार. दुपारच्या जेवणाला हवं असेल तर सकाळी सातला लावा, लिटरला अर्धा चमचा विरजण पुरे, आणि लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका.

आमरसाचा दिवस आठवड्यातून एकच बरा. बाराजणांना साडेचार किलो केशर आंबा लागतो, म्हणजे मध्यम आकाराची अठरा-वीस फळं. दोन तास पाण्यात ठेवून मग पिळायची. रस दूध घालून ठेवू नका, वाढतानाच काय ते घाला. ज्या दिवशी रस, त्या दिवशी संध्याकाळी फक्त मऊ भात. आणि उरलेला रस, वरण, भात बाहेर दोन तासांच्या वर नको. पातेलंच्या पातेलं गरम फ्रिजमध्ये सरकवलं तर आतलं सगळंच कोमट होतं. परातीत पसरून पंख्याखाली निववा, मग छोट्या डब्यांत भरा. सुट्टीतल्या उलट्या-जुलाबांची सुरुवात बऱ्याचदा दुपारच्या उरलेल्या भातानंच होते.

जेवणानंतर दीड तास आवाज बंद. झोपलंच पाहिजे असा आग्रह धरू नका, पण आजी-आजोबांची खोली एक आणि मुलांची दुसरी, मध्ये दार लावलेलं. कूलर लावताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकचिकते. वळवाचा पाऊस पडून गेला की हवेतच ओल असते, तेव्हा कूलर काही करत नाही. त्याचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

पत्ते हे दुपारचं सर्वात स्वस्त साधन आहे. बदाम सात चार ते आठजणांत रंगतो, त्याहून जास्त असतील तर दोन कॅट मिसळून झब्बू. तीनच जागी असतील तर पाच-तीन-दोन. कॅरमच्या सोंगट्या एकोणीस, त्या रोज खेळ संपल्यावर मोजून डबीत. राणी हरवली की तिसऱ्या दिवसापर्यंत भांडण चालतं. मोबाइलचं असं करा: घरात कितीही असोत, दुपारी दोनच मोबाइल बाहेर, बैठकीतच, मोठ्यांच्या नजरेसमोर. बारा माणसांच्या घरात भाचीला एक नियम आणि आपल्या मुलाला दुसरा लावला की वहिनी-नणंदेत ठिणगी पडते. त्यामुळे मुलांच्या आया पहिल्याच संध्याकाळी बसून हा एक मुद्दा ठरवून टाकू द्या.

अभ्यासाचं थोडक्यात. रोज अर्धा तास वाचन पुरे. सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये १८४० पासून आहे; घरात एकाचं सभासदत्व असेल तर मोठ्या मुलाला आठवड्यातून एकदा पुस्तकं बदलायला पाठवा.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम ही पहिली पायरी. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, घोट घोट पाणी द्या. जुलाब-उलट्या असतील तर पाकिटातली जलसंजीवनी, ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. अंग तापलेलं आहे आणि मूल असंबद्ध बोलतंय, झोपाळू झालंय किंवा झटका आला, तर घरचे उपाय करत बसू नका: १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका.

घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही. थोडं पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, मध्येच सोडून बघू नका. मळ्यातल्या किंवा शहराच्या कडेच्या घरात बूट झटकूनच पाय घालायची सवय लावा, उन्हाळ्यात विंचू गारव्याला येतात.

पाचनंतर

साडेपाचला मुलं बाहेर गेलीच पाहिजेत, नाहीतर रात्री अकरापर्यंत ती जागी राहतात. लगोरी, विटी-दांडू, सायकल, काही चालेल. पाण्यावर मात्र सूट नाही. धरणाचा काठ, बंधारा, खाणीतला खड्डा, विहीर यांपैकी कुठेही मोठ्या माणसाशिवाय नाही, आणि ‘मोठं माणूस’ म्हणजे पोहता येणारं. रामकुंडावर गेलात तर दोन मुलांमागे एक मोठा माणूस, पायऱ्यांवर शेवाळ असतं.

सहली सकाळच्या ठेवा. पांडवलेणीला चोवीस लेणी आहेत आणि चढ पायऱ्यांचा आहे; उन्हं चढायच्या आत खाली उतरलं पाहिजे. माणशी एक लिटर पाणी, कोरडा खाऊ, आणि माकडांना दिसेल अशी पिशवी हातात नको. त्र्यंबकेश्वर अठ्ठावीस-तीस किलोमीटर; सोमवार टाळा. इतकी माणसं एका गाडीत बसत नाहीत, आणि दोन गाड्या केल्या तर अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. जवळच्या ठिकाणी सिटीलिंकची शहरबस बरी, मुलांना तीच सहल वाटते.

आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो. त्याच्या आधी लहानांची जेवणं आटपा, नाहीतर ताटं बैठकीत येतात आणि खिचडी गालिच्यावर. गच्चीवर झोपणार असाल तर सूर्य मावळल्यावर स्लॅबवर दोन बादल्या शिंपडा आणि दहानंतरच गाद्या पसरा, तोवर दिवसभराची धग वर येत असते. पाणी कपडे धुतल्याचं असलं तरी चालतं. लहान मुलं मधोमध, कठड्याकडे मोठी माणसं, वर मच्छरदाणी. पहाटे साडेचारच्या सुमारास गारवा येतो, म्हणून पायाशी एकेक चादर.

जायच्या आधीचे आठ दिवस

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. गणवेश, वह्या आणि रेनकोटसाठी मेन रोडला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर हव्या त्या मापाचा गणवेश मिळत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळी अकराच्या आत जाऊन या. मुलाला सोबत न्या; सुट्टीत ती बोटभर वाढलेली असतात.

पाहुण्यांची आवराआवर आदल्या रात्री सुरू केली तर अर्धे कपडे मागे राहतात. दोन दिवस आधी प्रत्येक मुलाला एक रिकामी पिशवी द्या आणि घरभर फिरून आपल्या वस्तू गोळा करायला सांगा: गच्चीची दोरी, मोरीचा खिळा, गादीखाली, कॅरमच्या मागे. चार्जर मोठ्यांनी बघावेत. सोबत द्यायच्या कुरडया प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, एसटीच्या धक्क्यांनी त्यांचा चुरा होतो. पत्र्याच्या डब्यात उभ्या रचा, वरची मोकळी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्रानं भरा आणि झाकणाला चिकटपट्टी लावा. डब्याच्या बुडाशी नाव लिहून ठेवलं तर डबा परत यायची आशा असते.